बुवा सुटला, भक्तीण सापडली

बुवाची टर उडवली की बुवाबाजी निम्मी मरते, असं आपल्याकडे मानतात. विरार लोकलमध्ये मोबाइलवर स्किट बघून हसणारेही हेच म्हणतात आणि समीक्षकही. दाखल्याला एकनाथांची भारुडं, अत्र्यांचं ‘बुवा तेथे बाया’ आणि मग थेट आजचे कॉमेडी शो. ही वंशावळ मला पटत नाही.

स्किटमधला बुवा म्हणजे भगवी कफनी, खोटी दाढी आणि चार कोट्या. हशा पिकतो तो समोरच्या भक्तिणीवर. ती बहुधा साडी नेसलेला पुरुष असते. बाबांपुढे मुरकते, पदर चावते, मूल मागते. आता २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा उघडा, दाभोलकरांच्या खुनानंतर झालेला. दैवी शक्तीने मूल देतो असं सांगून अपत्यहीन बाईशी शरीरसंबंध ठेवणं त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे. ‘मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस’ ही थापसुद्धा! कायद्याला ज्या खोलीत गुन्हा दिसला, तिच्या दारात उभं राहून स्किट बाईच्या मुरकण्यावर हसतं.

यावर स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांची ढाल पुढे येते. पण १९१९च्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या त्यांच्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले, कारण साडीतला पुरुष ते विसरले होते. स्किटला तो पुरुष क्षणभरही विसरलेला चालत नाही; त्याचे दंड, त्याचा घोगरा आवाज, हाच तर विनोद. बायकी पुरुष आणि भोळी बाई दोघांची एकाच साडीत सोय लागते.

विनोदावर एवढं ओझं कशाला, असंही म्हणतील. ‘अनब्रेकेबल किमी श्मिट’ (२०१५) या अमेरिकी मालिकेने ते हसतखेळत पेललं. जग बुडालं असं सांगून एका बुवाने चार बायकांना तळघरात डांबलेलं असतं. सुटून आलेली किमी विनोदाची नायिका होते, विषय नव्हे. कोर्टात बुवा असा गोड बोलतो की ज्यूरीच भाळते. भोळेपणा बायकांची मक्तेदारी नाही हे तिथे खदखदा हसत कळतं. (व्हिएतनामी पात्र रंगवताना मात्र ही मालिकाही घसरली.)

जगबुडी आपल्याला परकी नाही. फेब्रुवारी १९६२च्या अष्टग्रहीला, आठ ग्रह एकत्र येऊन जग बुडणार या भीतीने, देशभर यज्ञ पेटले होते. वसईच्या ख्रिस्ती घरांत फादर दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मुळे जगाच्या अंताचं ‘प्रकटीकरण’ही सोप्या मराठीत आलं आहे. आणि मालिकांचे सेट तर वसईशेजारच्या नायगावातच आहेत. तिथे एखादं स्किट बुवाकडून घरी परतलेल्या बाईच्या तोंडून लिहून बघावं. साडी कुणी का नेसेना.