निपाह विषाणूचा उदय : वटवाघूळ, वराह आणि मानव (मलेशिया, १९९८-९९)

सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस मलेशियाच्या पेराक राज्यातील वराहपालकांमध्ये मेंदूज्वराची साथ उद्भवली. डुकरांच्या शरीरात वाढणारा व डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर तेथे पूर्वपरिचित होता. त्यामुळे ही त्याचीच साथ समजून धूरफवारणी व लसीकरण हाती घेण्यात आले. परंतु साथ ओसरली नाही.

वस्तुतः साथीचे स्वरूप या निदानाशी विसंगत होते. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने बालकांना ग्रासतो. येथे मात्र डुकरे हाताळणारे प्रौढ पुरुष दगावत होते, आणि लस घेतलेल्यांनाही रोग जडत होता. डुकरेही तीव्र खोकल्याने आजारी पडत होती. तरीही त्यांची खरेदी-विक्री चालू राहिली आणि रोग दक्षिणेकडील नेग्री सेंबिलान राज्यात पोहोचला. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील काव बिंग चुआ यांनी नवा विषाणू वेगळा केला. सुंगाई निपाह गावावरून त्याचे नामकरण झाले. मलेशियात २६५ रुग्णांपैकी १०५ मृत्युमुखी पडले. दहा लाखांहून अधिक डुकरे मारण्यात आली.

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांत आढळलेल्या हेंड्रा विषाणूशी निपाहचे निकटचे नाते होते. त्यामुळे संशोधकांचे लक्ष फलाहारी वटवाघळांकडे वळले व तेथेच विषाणूचा मूळ आश्रय सापडला. वराहशाळांलगतच्या आंब्यांवर ती येत; त्यांची उष्टी फळे डुकरांच्या पुढ्यात पडली असावीत. जोडउत्पन्नासाठी शेजारी आणलेल्या बागेने व वराहशाळेने प्रजातींमधील अंतर मिटवले, तर बाजाराने रोगाला वाट दिली. सारांश, विषाणूच्या संक्रमणाचा इतिहास हा मानवी अर्थव्यवहाराचाही इतिहास ठरतो.