लिनक्स ३८६ च्या बाहेर कसे पडले?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना उद्देशून एक छोटी सूचना लिहिली. आपण हौसेखातर एक नवी कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे तीत म्हटले होते. दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ती चालणार नाही, हेही त्याने तिथेच सांगून टाकले. ते खरेच होते. इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारण्याची जी खास सोय होती, तिच्यावरच ही प्रणाली उभी होती.

जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते प्रा. अँड्र्यू टॅननबाम यांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. प्रणाली एकाच प्रोसेसरला बांधून ठेवणे म्हणजे मागे जाणे, असा त्यांचा आक्षेप होता. या वादात बहुतेकांना टॉरवाल्ड्सची बाजू आठवते. या एका मुद्द्यापुरते मात्र प्राध्यापकमहाशयांचेच बरोबर होते, असे माझे मत आहे. तसे पाहता पुढच्या चार वर्षांत टॉरवाल्ड्सने जे काम केले, ते या आक्षेपाला दिलेले उत्तरच म्हणावे लागेल.

हे उत्तर घडले ते वर्कस्टेशनांवर. वर्कस्टेशन म्हणजे घरगुती पीसीपेक्षा कितीतरी महाग आणि वेगवान असा, एका शास्त्रज्ञाच्या किंवा अभियंत्याच्या टेबलावर बसणारा संगणक. हे संगणक बनवणाऱ्यांत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी आघाडीवर होती. तिची स्थापना १९८२ ची, आणि संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनच्या जोडीला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ही जुनी कंपनी होती. डेकने १९९२ साली अल्फा हा ६४ बिटांचा प्रोसेसर बाजारात आणला. त्या वेळी पीसी ३२ बिटांवर होते.

मे १९९४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे डेकच्या यंत्रांच्या वापरकर्त्यांचे संमेलन भरले होते. तेथे कंपनीतील जॉन हॉल यांची टॉरवाल्ड्सशी गाठ पडली. लिनक्स पाहून हॉल इतके प्रभावित झाले, की त्यांनी खटपट करून त्याला एक अल्फा यंत्र मिळवून दिले. याआधी अमिगा आणि अटारी या मोटोरोला प्रोसेसरच्या यंत्रांवर काही हौशी मंडळींनी लिनक्स चालवून दाखवले होते. पण ती प्रत मूळ प्रतीपासून वेगळी पडली होती. टॉरवाल्ड्सला ते नको होते. एकाच मूळ प्रतीतून दोन्ही यंत्रांचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तयार व्हावा हा त्याचा हट्ट. त्यासाठी यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळ्या कप्प्यात काढला गेला आणि उरलेला भाग सर्वांना सामाईक ठेवला गेला. मार्च १९९५ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे तीन नवे प्रोसेसर दाखल झाले.

एका ओळीत सांगितलेले हे काम प्रत्यक्षात फार किचकट होते. ३८६ वर एखादा पूर्णांक आणि स्मृतीतील एखादा पत्ता, दोन्ही ३२ बिटांतच मावत. त्यामुळे पत्ता पूर्णांकाच्या खणात ठेवण्याची सवय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जडली होती. अल्फावर पत्ता ६४ बिटांचा, पण पूर्णांकाचा खण ३२ बिटांचाच राहिला. पत्त्याचा वरचा अर्धा भाग मुकाट्याने गळून पडे आणि यंत्र भलत्याच ठिकाणी जाऊन कोसळे. अशा जागा एकेक करून हुडकाव्या लागल्या.

दुसरी अडचण अधिक मजेदार आहे. पहिल्या अल्फांना स्मृतीतील एकच बाइट लिहिता येत नसे. कमीत कमी चार बाइटांचा गट उचलायचा, त्यातला हवा तो बाइट बदलायचा आणि सगळा गट परत ठेवायचा. याची कल्पना हजेरीपत्रकावरून येईल. समजा, नियम असा आहे की एका मुलाची खूण बदलायची असली तरी शिक्षकाने अख्ख्या पानाची नक्कल करून घ्यायची, तिच्यात बदल करायचा आणि ती नक्कल जुन्या पानाच्या जागी लावायची. दोन शिक्षकांनी एकाच वेळी नक्कल घेतली, तर नंतर येणारा आधीच्याची खूण पुसून टाकणार, आणि ते दोघांनाही कळणार नाही. एका यंत्रात दोन प्रोसेसर असले की नेमके हेच होते. ही उणीव डेकने १९९६ च्या सुमारास २११६४ए या चिपमध्ये नव्या आज्ञा घालून दूर केली.

सनच्या स्पार्क यंत्रांचे दुखणे निराळे होते. तिथले बरेचसे मूळ काम अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील डेव्हिड मिलर याने केले. चार बाइटांची संख्या स्मृतीत ठेवताना इंटेल धाकटा बाइट आधी ठेवते, स्पार्क थोरला आधी. मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. आपण २५ लिहिताना वीस आधी लिहितो, पण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो. 'एकशे पंचवीस' मध्ये तर थोरला, मग धाकटा, मग मधला, असा अजब क्रम लागतो! गलिव्हरच्या सफरींतील अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या मंडळींची नावे १९८० साली डॅनी कोहेन यांनी या दोन पद्धतींना दिली, आणि ती रूढ झाली. लिनक्सच्या डिस्कवरील रचनेत धाकटा बाइट आधी, हा नियम ठरला. संगणकजाळ्यावर मात्र थोरला आधी जातो. म्हणून स्पार्कला डिस्कपाशी बाइट उलटे करावे लागतात, तर पीसीला जाळ्यापाशी.

पुढे ही वर्कस्टेशने जुनी झाली आणि पडत्या भावात मिळू लागली, तेव्हा लिनक्सचा खरा उपयोग झाला. पण त्यांच्यावर ते बसवणे हे पीसीसारखे सरळ काम नव्हते. कळफलक जोडलेला नसेल तर सनचे यंत्र पडद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने पहिल्या सीरियल पोर्टवर बोलू लागते. स्पार्कस्टेशन १ मध्ये ३ क्रमांकाच्या डिस्कला यंत्र स्वतः 'शून्य' म्हणते, लिनक्स मात्र क्रमांकांच्या चढत्या ओळीने नावे देते. नव्या माणसाची इथे हमखास फसगत होते.

सर्वांत चकवणारा दोष मात्र एका छोट्या चिपचा. घड्याळ आणि यंत्राची ओळख जपणाऱ्या या चिपच्या पोटातच लिथियमची बॅटरी असते, आणि साधारण दहा वर्षांनी ती संपते. मग यंत्र सुरू होताना आपली ओळख चुकीची असल्याचे सांगते आणि स्वतःचा जाळ्यातला पत्ताच विसरते. एका महाविद्यालयात अशी चार यंत्रे 'मदरबोर्ड गेला' असा शिक्का मारून अडगळीत टाकलेली मी पाहिली आहेत. चारही ठणठणीत होती, संपली होती ती फक्त बॅटरी.

उपाय दोन. चिपच नवी घालायची, किंवा जुन्या चिपचे डोके जपून कापून तिला ३ व्होल्टचा बटणसेल जोडायचा. त्यानंतर फोर्थ या भाषेत चालणाऱ्या सनच्या अंगभूत प्रणालीतून १६ बाइटांची ओळख पुन्हा लिहायची. यात सहा बाइट जाळ्यातील पत्त्याचे असतात. सनच्या पत्त्याची सुरुवात ०८:००:२० अशी ठरलेली. सोळावा बाइट हा ताळा. आधीच्या पंधरा बाइटांचा 'एक्स-ऑर' काढला की तो मिळतो. अकरावी-बारावीच्या मुलांना लॉजिक गेट शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. फळ्यावरच्या त्या तक्त्याने एक अख्खे यंत्र जिवंत होते.

ओळख परत मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. सीडी-ड्राइव्ह नसलेले यंत्र आपला सहा बाइटांचा पत्ता ओरडून सांगते आणि 'मी कोण?' असे जाळ्यावर विचारते. दुसऱ्या संगणकाने त्याला, समजा, १९२.१६८.१.५ हा आयपी पत्ता दिला, की ते 'सी०ए८०१०५' या नावाची फाइल मागते. नावामागे यंत्राच्या जातीचे शेपूटही असते. हा आयपी पत्ताच आहे, सोळाच्या पायात लिहिलेला. १९२ म्हणजे १२ गुणिले १६, म्हणून सी०. १६८ म्हणजे १० गुणिले १६ अधिक ८, म्हणून ए८. त्या नावाची फाइल हजर असली, की कर्नल उतरू लागतो.

या जुन्या यंत्रांची साथ लिनक्सनेही कायमची केली नाही. स्पार्कस्टेशन १ च्या जातीच्या यंत्रांचा आधार २०१२ मध्ये कर्नलमधून काढला गेला. त्याच वर्षअखेरीस ज्याच्यावर लिनक्स जन्मले त्या ३८६ लाही वगळण्याचा निर्णय झाला. डेक कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली, आणि सन २०१० मध्ये ओरॅकलची झाली. जुलै २०२४ च्या ६.१० या आवृत्तीतून एकेक बाइट लिहिता न येणारे सगळे अल्फा वगळले गेले. शेजारच्या बाइटला धक्का न लावता एक बाइट लिहिता येतो, असे आज सर्वच प्रोसेसरांबाबत गृहीत धरले जाते, आणि या एका पिढीसाठी सामाईक भागात आडवळणे घेणे भाग पडत होते. १९९४-९५ मध्ये टॉरवाल्ड्सने ज्या पिढीच्या अल्फावर काम केले, ती हीच. असे यंत्र आज कोणाकडे चालू असेल, तर त्यावर ६.९ किंवा त्याआधीचा कर्नल घालावा लागेल. त्या सगळ्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर आजही कोणालाही उतरवून घेता येतो.