एचआयव्ही : महासाथीतील लोकाधारित तपासणी व उपचारसाहाय्य
२०२० च्या मार्चअखेरीस माढा तालुक्यातील कुर्डुवाडीसारख्या रेल्वे जंक्शनावरही प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा दूरच्या एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रावर अवलंबून असलेल्या एचआयव्हीबाधितांपुढे बिकट प्रसंग उभा राहिला. कारण या उपचाराची गोळी रोजची, आणि तिच्यात खंड पडला की विषाणू पुन्हा बळावतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने त्या वेळी तीन महिन्यांपर्यंतचे औषध एकदम देण्याची व घराजवळ पोचविण्याची मुभा दिली, ही तजवीज अत्यंत मोलाची होय. औषधाप्रमाणे तपासणीही वस्तीपर्यंत नेता येते; मात्र तेथे बोटावरील रक्ताच्या थेंबाने होणारी चाचणी प्राथमिक असते. बाधेचे निश्चित निदान तपासणी केंद्रातील पुढील चाचण्यांनीच होते. घरपोच देताना औषधाची बाटली साध्या कागदात गुंडाळून, उंबऱ्यावर आजाराचा उच्चारही न करता द्यावी, कारण २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरविला आहे.