शिक्का, मोर्तब आणि रविवारचा पेपर

'शिक्कामोर्तब झालं' असं आपण येता-जाता म्हणतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांत शिक्का वर असे आणि मोर्तब अगदी शेवटी. मोर्तबाचा अर्थ एवढाच, की मजकूर इथे संपला. याखाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी. झकास सिक्युरिटी! पण शिक्का ज्याच्या ताब्यात, तोच फितूर झाला तर?

आम्हा डेटाबेसवाल्यांचं दुखणं नेमकं हेच. पासवर्ड लावा, परवानग्या ठरवा, कोणी काय बदललं याचा लॉग ठेवा. ज्याच्याकडे ॲडमिनचे सगळे अधिकार, तो रेकॉर्ड बदलून लॉगही पुसू शकतो. आणि त्या रेकॉर्डमध्ये कोणाची जमीन असते, कोणाचं कर्ज, कोणाचे मार्क.

या प्रश्नाला न्यू जर्सीच्या बेलकोअर कंपनीतले दोन संशोधक भिडले, स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा. त्यांचा शोधनिबंध १९९१ साली छापून आला. कल्पना साधी आहे. प्रत्येक नोंदीचा हॅश काढायचा. हॅश म्हणजे नोंदीच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना! एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. पुढची नोंद करताना आधीचा ठसा तिच्यात गुंफायचा. झाली साखळी. मधली एक कडी बदलली, की पुढच्या सगळ्या जुळेनाशा होतात.

पण साखळी सांभाळणाराच चोर निघाला तर? तो अख्खी साखळी नव्याने ओवेल की! यावरची तोड भन्नाट आहे. या दोघांच्या 'शुअरेटी' कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला ताजा हॅश 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या अंकात छापायला सुरुवात केली. तेही हरवले-सापडलेच्या छोट्या जाहिरातींत! आता जुनी नोंद बदलायची, तर लोकांच्या घरी आणि लायब्रऱ्यांत पडलेले ते सगळे अंक बदलावे लागणार. खुद्द कंपनीच्या मालकालाही ते जमणार नाही.

बिटकॉइनचा २००८ चा शोधनिबंध याच साखळीवर उभा आहे. त्याच्या ८ संदर्भांपैकी ३ या जोडगोळीचे आहेत.

थोडक्यात काय, तर यात नोंद बदलण्यापासून कोणाला अडवलेलं नाही. बदललेलं लपवता येणार नाही, एवढीच सोय केली आहे. म्हणून 'आमचा डेटा एकदम सेफ आहे' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर एकच विचारा: तुमच्या ॲडमिनपासूनसुद्धा?