पॅरोलची सुनावणी : अमेरिकी राज्यांत सुटकेचे प्रमाण का घटते?

'पॅरोल' हा शब्द मराठी वृत्तपत्रवाचकाला नवा नाही. कैद्याच्या घरी कोणाचे निधन झाले, लग्नकार्य निघाले किंवा जवळचे माणूस गंभीर आजारी पडले की त्याला काही दिवसांपुरते बाहेर सोडले जाते. तुरुंग प्रशासनाच्या भाषेत ही 'अभिवचन रजा'. तिची सख्खी बहीण म्हणजे 'संचित रजा', अर्थात फर्लो. महाराष्ट्रात या दोन्ही रजांची चौकट १९५९ च्या नियमांनी घालून दिली. अभिनेता संजय दत्त येरवडा कारागृहात शिक्षा भोगत असताना त्याला मिळालेल्या रजांवरून २०१३-१४ मध्ये जी चर्चा रंगली, ती याच रजांची. रजा संपली की कैदी परत कोठडीत, असा आपल्याकडचा अर्थ आहे.

अमेरिकेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे पॅरोल म्हणजे रजा नव्हे, सशर्त मुक्तता. शिक्षेचा ठरावीक भाग तुरुंगात काढल्यानंतर उरलेला काळ कैदी बाहेर, देखरेखीखाली घालवतो. अटी मोडल्या तर त्याला परत आत जावे लागते. त्याला सोडायचे की नाही हे एक मंडळ ठरवते आणि तो निर्णय मंडळाच्या मर्जीवर असतो. म्हणूनच त्याला विवेकाधीन पॅरोल म्हणतात. आपल्याकडे याच्या जवळचे काही असेल तर ते राज्य सरकारकडून होणारी मुदतपूर्व सुटका. बिल्किस बानो प्रकरणात गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये अकरा जन्मठेपी सोडले आणि ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तेव्हा वाद याच अधिकाराचा होता. खटला मुंबईत चालला असल्याने सुटकेचा अधिकार गुजरातचा नसून महाराष्ट्राचा आहे, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले होते.

पॅरोलची कल्पना एकोणिसाव्या शतकातील. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर अलेक्झांडर मॅकनोकी यांनी १८४० च्या दशकात चांगल्या वागणुकीचे गुण देऊन शिक्षा कमी करण्याची पद्धत राबविली. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी तिला पुढे नेले आणि १८७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा सुधारगृहात झेब्युलॉन ब्रॉकवे यांनी ती अमेरिकेत रुजविली. शिक्षा अनिश्चित मुदतीची ठेवायची, म्हणजे 'पंधरा वर्षे ते जन्मठेप' अशी, आणि माणूस सुधारला की सोडायचे, असा त्यामागचा विचार होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत देशभर पसरली.

पुढे १९७० च्या दशकात तिच्यावर दोन्ही बाजूंनी हल्ला झाला. उदारमतवाद्यांना मंडळांची मनमानी खुपत होती. परंपरावाद्यांना त्यांची दया खुपत होती. सुधारणेच्या कार्यक्रमांचा उपयोग होतो का, असा प्रश्न विचारणारा रॉबर्ट मार्टिन्सन यांचा लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'काहीच उपयोगी पडत नाही' असा त्याचा सारांश राजकारण्यांनी उचलून धरला. मेन राज्याने १९७६ मध्ये पॅरोल बंद केला, कॅलिफोर्नियाने बहुतेक गुन्ह्यांसाठी निश्चित मुदतीची शिक्षा आणली, संघराज्याने १९८४ च्या कायद्याने आपला पॅरोल गुंडाळला आणि व्हर्जिनियाने १९९५ मध्ये तेच केले. आज सुमारे एकतृतीयांश राज्यांत विवेकाधीन पॅरोल पूर्णतः वा बहुतांशी संपुष्टात आला आहे. १९७७ मध्ये राज्यांच्या तुरुंगांतून सुटणाऱ्या दर दहापैकी सुमारे सात जण मंडळाच्या निर्णयाने सुटत. शतक संपताना हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशावर आले होते.

उरलेल्या राज्यांची तुलना करू गेल्यास पहिली अडचण येते ती छेदस्थानी कोणता आकडा धरायचा याची. कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घ्या. तेथे दर वर्षी हजारो सुनावण्यांच्या तारखा लागतात, पण त्यातील बऱ्याच प्रत्यक्षात होतच नाहीत. कैदी स्वतःच पुढे ढकलतो, 'मी अजून योग्य नाही' असे लिहून देतो किंवा तारीख रद्द होते. २०२१ मध्ये तारीख लागलेल्या प्रकरणांच्या हिशेबाने मंजुरी साधारण सहाव्या हिश्श्याइतकी होती आणि प्रत्यक्ष झालेल्या सुनावण्यांच्या हिशेबाने ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. कोण कोणता आकडा वापरतो यावरून तो कोणत्या बाजूचा आहे हे बहुधा ओळखता येते.

दुसरी अडचण 'सुनावणी' या शब्दाची. हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर कैदी, वकील आणि समोर बसलेले सदस्य उभे राहतात. जॉर्जियात असे काही होत नाही. पाच सदस्य फाईल एकामागून एक वाचतात आणि आपापले मत नोंदवतात. टेक्सासमध्येही तीन जणांचे पॅनेल बहुतेक निर्णय कागदपत्रांवरूनच घेते आणि काही गंभीर गुन्ह्यांत तर संपूर्ण मंडळाचे दोनतृतीयांश मत लागते. तरीही टेक्सासमधील मंजुरीचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात राहिले आहे. मोठमोठ्या सुनावण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यांपेक्षा हे वाईट म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये सदस्य कैद्याशी बोलतात, पण बहुतांशी व्हिडिओच्या पडद्यावरून आणि मोजक्या मिनिटांत.

अलाबामामध्ये तर कैद्याला स्वतःच्या सुनावणीला हजर राहताच येत नाही. मॉन्टगोमेरीतील दालनात पीडितांचे नातेवाईक येतात, सरकारी प्रतिनिधी येतात, कैद्याच्या बाजूने कोणी आले तर तेही बोलतात. ज्याच्याविषयी सारे चालले आहे तो मात्र शेकडो मैलांवर कोठडीत असतो. या राज्यावर जरा थांबायला हवे, कारण मंडळाचे मन किती वेगाने फिरू शकते हे येथे स्पष्ट दिसते. २०१७ च्या आर्थिक वर्षात अलाबामाच्या मंडळाने निम्म्याहून अधिक अर्ज मंजूर केले होते. जुलै २०१८ मध्ये गंटर्सव्हिल गावात तिघांची हत्या झाली. त्यात सात वर्षांचा एक मुलगाही होता. आरोपी त्याच वर्षी पॅरोलवर सुटलेला होता. राज्यभर संताप उसळला. गव्हर्नर के आयव्ही यांनी मंडळाच्या कारभारावर बंधने आणली, २०१९ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला आणि माजी सरकारी वकील ली ग्वाथनी यांची अध्यक्षपदी नेमणूक झाली. त्यानंतर मंजुरीचे प्रमाण वर्षागणिक खाली आले. २०२२ मध्ये १० टक्के, तर २०२३ मध्ये अवघे ८ टक्के.

कायदा बदलला होता हे खरे, पण अर्जदारांचा गुन्हा, वय, तुरुंगातील वर्तन यांत पाच-सहा वर्षांत एवढा फरक पडणे शक्य नव्हते. मंडळाच्या स्वतःच्या मार्गदर्शक तक्त्यानुसार सुटकेस पात्र ठरणाऱ्यांचे प्रमाण मंजुरीच्या कित्येक पट होते. तक्ता बंधनकारक नसल्याने सदस्यांनी तो बाजूला ठेवला, तरी कोणाला जाब विचारता येत नव्हता. टीका वाढल्यावर २०२४ मध्ये प्रमाण पुन्हा वीस टक्क्यांच्या आसपास गेले. २०२५ मध्ये ग्वाथनी यांच्या जागी नवा अध्यक्ष आला. गंटर्सव्हिलच्या कुटुंबांचे दुःख खोटे नाही आणि त्यांचा प्रश्नही खोटा नाही. पण एका सुटकेची किंमत त्यानंतरच्या हजारोंनी कशासाठी मोजायची, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. चुकून सोडलेला कैदी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येतो. चुकून अडवलेला कैदी कोठेच येत नाही. मंडळाच्या सदस्यांना हे नेमके ठाऊक असते.

अलाबामा टोकाचे उदाहरण असले तरी एकटे नाही. तुरुंगांचा वापर कमी व्हावा या भूमिकेतून काम करणाऱ्या 'प्रिझन पॉलिसी इनिशिएटिव्ह' या संस्थेने २०२३ मध्ये २६ राज्यांची आकडेवारी तपासली. २०१९ नंतर मंजुरीचे प्रमाण वाढलेली राज्ये त्यांत केवळ सहा निघाली. सुनावण्यांची संख्याही जवळपास सर्वत्र घटली होती. साउथ कॅरोलिनातही मंजुरी फारच थोड्यांना मिळत होती. कोविडच्या काळात तुरुंग कोंदट आणि धोकादायक झाले असताना मंडळे अधिक उदार होतील असे अनेकांना वाटले होते. घडले उलटे. सुधारणा कार्यक्रम बंद पडले, आणि कार्यक्रम पूर्ण न केल्याचा ठपका कैद्यावरच आला.

या ठपक्याचा सर्वांत बोलका अनुभव लुइझियानातील हेन्री माँटगोमेरी यांचा. १९६३ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, त्यांनी एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या केली. अल्पवयीनांना सक्तीने आमरण जन्मठेप देता येणार नाही, हा २०१२ चा निकाल जुन्या प्रकरणांनाही लागू होतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्याच नावाच्या खटल्यात ठरविले. त्यामुळे देशभरात शेकडो जण सुटले. स्वतः माँटगोमेरी मात्र अडकले. २०१८ मध्ये मंडळाने त्यांना नकार दिला. पुरेसे वर्ग पूर्ण केले नाहीत, हे त्यामागचे एक कारण. प्रत्यक्षात त्यांच्या कैदेच्या पहिल्या काही दशकांत जन्मठेपींसाठी असे वर्ग उपलब्धच नव्हते. २०१९ मध्ये पुन्हा नकार आला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, ते बाहेर आले.

नकार मिळालेल्याला न्यायालयात फारसा आधार नाही. पॅरोल हा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या ग्रीनहोल्ट्झ खटल्यात सांगितले. सुटलेल्याचा पॅरोल काढून घ्यायचा तर रीतसर प्रक्रिया लागते (१९७२ चा मॉरिसी निकाल), पण द्यायचाच नसेल तर जुजबी कारणही पुरते. काही राज्यांची न्यायालये याला अपवाद ठरली. गुन्हा कितीही भीषण असला तरी आजचा धोका पाहा, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बजावले आणि त्यानंतर तेथील जन्मठेपींना सुटकेची खरी संधी दिसू लागली. मात्र त्याच वर्षी मतदारांनी 'मार्सीज लॉ' संमत करून नकारानंतरची प्रतीक्षा पंधरा वर्षांपर्यंत वाढविली. एकीकडे दार किलकिले करायचे आणि दुसरीकडे त्याला साखळी लावायची, असा हा प्रकार.

कॅलिफोर्नियात आणखी एक पायरी आहे. खुनाच्या प्रकरणात मंडळाने होकार दिला तरी गव्हर्नर तो फिरवू शकतो. १९८८ मध्ये मतदारांनीच हा अधिकार दिला. तेथील गव्हर्नर निवडून येतो, आपल्या राज्यपालांसारखा नेमला जात नाही, हे येथे महत्त्वाचे. रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येबद्दल कैदेत असलेल्या सिरहान सिरहानची शिफारस मंडळाने ऑगस्ट २०२१ मध्ये केली. जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ती फेटाळली आणि २०२३ मध्ये खुद्द मंडळानेच नकार दिला. मॅन्सन टोळीतील लेस्ली व्हॅन हाउटन यांच्या सुटकेची शिफारस पाच वेळा गव्हर्नरांनी धुडकावली. अखेर अपील न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि जुलै २०२३ मध्ये त्या सुटल्या. जॉन लेननचा मारेकरी मार्क चॅपमन न्यूयॉर्कमध्ये २००० पासून अर्ज करतो आहे. २०२५ मध्ये त्याला चौदावा नकार मिळाला. मेनेन्डेझ बंधूंनाही कॅलिफोर्नियात ऑगस्ट २०२५ मध्ये नकारच मिळाला. अशा नावांमुळे सुनावण्या बातम्यांत येतात खऱ्या, पण अनामिक अर्जदाराचे काय होते हे त्यातून कळत नाही.

त्याचे काय होते याचा एक तपास 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता. न्यूयॉर्कमध्ये पहिल्याच सुनावणीत सुटणाऱ्या श्वेतवर्णीय पुरुषांचे प्रमाण चारात एक होते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक पुरुषांत ते सहात एकापेक्षाही कमी होते. निर्णय माणसे घेतात, तेव्हा माणसांचे दोषही निर्णयात उतरतात. पॅरोलच्या निर्णयांविषयीचा इस्रायलमधील २०११ चा एक अभ्यास तर फार गाजला. न्यायाधीशांनी विश्रांती घेऊन काही खाल्ले की मंजुरी सुमारे ६५ टक्के आणि पुढच्या विश्रांतीपर्यंत ती घसरत शून्याजवळ, असा त्याचा निष्कर्ष. प्रकरणांचा क्रमच मुळात यादृच्छिक नव्हता, अशी सबळ हरकत त्यावर घेतली गेली. ती मान्य केल्यास पोटाचा आणि न्यायाचा संबंध बराच सैल होतो. पण किस्सा चटकदार असल्याने तो अजूनही सांगितला जातो.

म्हणून मंडळेच मोडीत काढावीत का? अर्थतज्ज्ञ इलियाना कुझिएम्को यांनी जॉर्जियाच्या नोंदी तपासून दिलेले उत्तर (२०१३) विचार करायला लावणारे आहे. जॉर्जियाने १९९८ मध्ये काही गुन्ह्यांसाठी शिक्षेचा ९० टक्के भाग तुरुंगातच काढण्याचा नियम केला. आपले वर्तन सुटकेच्या तारखेला हलवू शकत नाही हे कळल्यावर त्या कैद्यांनी वर्गांना जाणे कमी केले, शिस्तभंग वाढला आणि सुटल्यानंतर ते अधिक प्रमाणात पुन्हा गुन्ह्यात सापडले. मंडळाचा अंदाज अगदीच अंधारातला नव्हता, असेही त्यांना आढळले. मंडळ नकार देत राहिले तरी बहुतेक कैदी मुदत संपल्यावर बाहेर येतातच आणि अनेक राज्यांत मग त्यांच्यावर कोणाची देखरेख उरत नाही.

काही राज्यांनी मधला मार्ग शोधला आहे. मिशिगनने २०१८ मध्ये कायदा करून कमी धोक्याच्या कैद्याला नकार द्यायचा तर सबळ कारण नोंदविणे मंडळाला भाग पाडले. मेरीलँडने डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेपींच्या पॅरोलमधून गव्हर्नरला वगळले. लुइझियाना मात्र उलट दिशेने गेले. गव्हर्नर जेफ लँड्री यांनी २०२४ मध्ये बोलाविलेल्या विशेष अधिवेशनात १ ऑगस्ट २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी, मोजके अपवाद सोडता, पॅरोल रद्द झाला आणि चांगल्या वर्तनाची सूट धरूनही शिक्षेचा ८५ टक्के भाग भोगणे सक्तीचे झाले. त्या तारखेआधी गुन्हा केलेल्यांना जुना नियमच लागू असल्याने मंडळ बरखास्त झालेले नाही. पुढील कित्येक वर्षे एकाच बराकीतील दोघांपैकी एकाला सुनावणीची तारीख मिळेल आणि दुसऱ्याला मिळणार नाही.