नक्षीची कोणती प्रत खरी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याच्या कचेरीत आम्ही काही दिवस प्रशिक्षणासाठी जात होतो. समोर नक्षीकार होता, हिशेबनीस होते, माल रवाना करणारे होते आणि संगणकाला टंकलेखनयंत्राचा धाकटा भाऊ मानणारे एक वयस्क कारकूनही होते. संगणकात एकाच मोराच्या तीन फायली होत्या: ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’. त्यांतली चुकीची मागावर गेली, माल वाया गेला, म्हणून आम्हांला बोलावणे आले होते.

‘आवृत्ती-नियंत्रण’ हा शब्द ऐकून सगळ्यांचे चेहरे कोरे झाले. तेव्हा आम्ही जकार्डकडे वळलो. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. बाण्याच्या दर धाग्यामागे पुठ्ठ्याचे एक कार्ड. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही. सोलापुरी चादरीची नक्षी याच यंत्राने उतरते. कार्डात चूक निघाली तर सगळी माळ नव्याने करत नाहीत, तेवढे कार्ड बदलतात. “आणि जुने कार्ड?” आम्ही विचारले. “फेकतात,” कारकून म्हणाले, मग थबकून, “पण गिऱ्हाइकाने पहिलीच नक्षी परत मागितली तर?”

नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांच्यासमोर होता, फक्त नक्षीऐवजी संगणकाच्या आज्ञावलीबाबत. १९७२ साली त्यांनी ‘एससीसीएस’ रचली. सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फायलीत एकमेकींत गुंफायच्या आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आहे याच्या खुणा ठेवायच्या. या रचनेला पुढे इंग्रजीत ‘वीव्ह’, म्हणजे वीण, हेच नाव पडले! (पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत श्लोकाखाली पाठभेद व त्यांच्या पोथ्यांच्या खुणा दिसतात, ही कल्पना तिची चुलतबहीणच म्हणायची.) १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’मध्ये ताजी प्रत अखंड ठेवून मागे जाण्यापुरते फरक साठवले. या दोन्हींत फाईल एका वेळी एकानेच ‘कुलूप’ लावून न्यायची. डिक ग्रून यांच्या ‘सीव्हीएस’ने १९८६ मध्ये अनेकांना एकदम काम करू देऊन बदल मागाहून जुळवले. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांच्या ‘गिट’मुळे साऱ्या इतिहासाची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर आली.

आम्ही पहिल्या दिवशी गिटच शिकवायला घेतले, आणि चुकलो. मजकुराच्या ओळी जुळवता येतात. दोघांनी दोन तऱ्हांनी बदललेला मोर संगणक कसा जुळवणार? या कचेरीला जुने कुलूपच योग्य होते. म्हणून कुलपाची सोय असलेले ‘सबव्हर्जन’ बसवले. ते सर्वांत आधी समजले कारकुनांना. फाईल कोणी नेली, केव्हा, कशासाठी, हे ते आयुष्यभर आवक-जावक वहीत लिहीतच आले होते. नक्षीकार मात्र ‘कशासाठी’चा रकाना रिकामा सोडी, कारकून त्याची फाईल परत घेईनात.

चौथ्या दिवशी त्या रकान्यात पहिली नोंद आली: ‘मोराची मान दोन धागे डावीकडे. गिऱ्हाइकाचा फोन.’