बृहद्‌ ऑस्ट्रियाची संयुक्त संस्थाने

बृहद्‌ ऑस्ट्रियाची संयुक्त संस्थाने : ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचे वांशिक-भाषिक तत्त्वावर संघराज्य करण्याची, प्रत्यक्षात न आलेली योजना. बानातमधील रुमानियन राजकारणी आउरेल पोपोविची (१८६३–१९१७) याने १९०६ मध्ये लाइपझिगला प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात ती मांडली. पहिले महायुद्ध टळले असते तर काय झाले असते, याचा विचार करणाऱ्या पर्यायी इतिहासात तिचा नकाशा वारंवार भेटतो.

१८६७ च्या तडजोडीने साम्राज्याची दोन राज्ये झाली. परराष्ट्र व्यवहार, सैन्य आणि त्यांचा खर्च एवढेच सामाईक उरले. १९१० मध्ये लोकसंख्या पाच कोटींवर होती. तीत जर्मन व मॅग्यार (हंगेरियन) मिळून निम्मेही नव्हते, तरी सत्तेची सूत्रे मुख्यतः त्यांच्याकडेच होती. हंगेरीत मताधिकार जेमतेम सहा टक्के लोकांना होता. हंगेरीतील रुमानियनांची कैफियत मांडल्याबद्दल पोपोविचीला स्वतःला तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. ती टाळण्यासाठी त्याने रुमानिया गाठले.

त्याने ऐतिहासिक प्रांतांच्या सीमा पुसून पंधरा घटकराज्ये आखली. बोहीमियातील जर्मन प्रदेश वेगळा काढला, गॅलिशियाचे पोलिश पश्चिम व रुथेनियन पूर्व असे दोन भाग केले, स्लोव्हाकांना प्रथमच स्वतःचे राज्य दिले. ट्रान्सिल्व्हेनियात रुमानियनांचे बहुमत असतानाही तेथील मॅग्यारभाषक सेकेलींसाठी त्याने स्वतंत्र राज्य ठेवले. स्वतः रुमानियन असून त्याने हे केले, यात त्याची न्यायबुद्धी दिसते. संघाच्या सामाईक कारभाराची भाषा मात्र जर्मनच राहणार होती.

भूमीवर रेघा ओढून सर्वांना न्याय देता येत नव्हता. पूर्व गॅलिशियाच्या मधोमध ल्विव्ह हे पोलिश बहुसंख्येचे शहर होते, आणि साम्राज्यभर विखुरलेल्या सुमारे वीस लाख ज्यूंच्या वाट्याला एकही राज्य येत नव्हते. या बाबतीत ऑस्ट्रियन समाजवादी कार्ल रेनर व ओटो बाउअर यांची कल्पना अधिक खोल म्हणावी लागेल. माणूस कोठेही राहो, त्याने आपले राष्ट्रीयत्व नोंदवावे आणि शिक्षण व संस्कृतीचा कारभार त्या नोंदीवर उभ्या राहिलेल्या मंडळाकडे असावा, असे ते म्हणत. मोराव्हियात १९०५ च्या समझोत्याने चेक व जर्मन मतदारांच्या याद्या वेगळ्या करून या दिशेने पाऊलही पडले होते.

योजनेचे भवितव्य मात्र बुडापेस्टच्या हाती होते. ऑस्ट्रियाचा सम्राटच हंगेरीचा राजा असे, आणि हंगेरीतील राज्याभिषेकाच्या वेळी तो राज्याची भूमी अखंड राखण्याची शपथ घेई. ती घेतल्यावर ट्रान्सिल्व्हेनिया किंवा स्लोव्हाकिया वेगळा करणे म्हणजे शपथभंग. युवराज फ्रान्झ फर्डिनांड याला पोपोविचीच्या विचारांबद्दल आस्था होती, पण कोणत्याही एका योजनेशी त्याने स्वतःला बांधून घेतले नव्हते. गादीवर येताच अभिषेक लांबवावा आणि तोवर हंगेरीत मताधिकार वाढवून मॅग्यार सरदारवर्गाची पकड सैल करावी, असा बेत त्याच्या वर्तुळात शिजत होता. म्हणून पर्यायी इतिहासात त्याला २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत झालेल्या हत्येपासून वाचवणे पुरेसे नाही. शपथेचा हा पेच कसा सुटला आणि मॅग्यारांनी बंड का केले नाही, हे न सांगणारा नकाशा अपुराच राहतो.

प्रत्यक्षात सम्राट फ्रान्झ जोझेफनंतर गादीवर आलेल्या कार्लने ३० डिसेंबर १९१६ रोजी बुडापेस्टला अभिषेक करून घेतला. त्यामुळे १६ ऑक्टोबर १९१८ चा त्याचा संघराज्याचा जाहीरनामा हंगेरीच्या भूमीला लागू होऊ शकला नाही. बारा दिवसांनी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे स्वातंत्र्य घोषित झाले.